मधली धार

१२ जानेवारी

सकाळी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ सवाल: "तुमच्या मशीनचं बायकांशी काही वैर आहे का हो?"

मी म्हटलं, "बाई, मशीन आहे ते, सासू नाही."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सहा महिन्यांत माझ्याकडच्या चौदा बायकांना तुमच्या लॅबने क्लॅमिडिया सांगितला. चौदाही जणींचे नवरे मी तुमच्याकडेच पाठवले. त्यातले बारा स्वच्छ निघाले. हा जंतू अंथरुणातून लागतो, वाऱ्यावरून येत नाही. मग या बारा जणींनी तो आणला कुठून?"

"ते मी कसं सांगू? माझं काम डबीपर्यंत. त्यापुढचं घरगुती."

"नवरे गोळ्या घ्यायला तयार नाहीत. तुमचा कागद नाचवतात माझ्यासमोर. बायका गोळ्या घेतात आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच. जरा तुमचं काम तपासून बघा."

माझं काम तपासून बघा. मला. फोन ठेवल्यावर चहा गार झाला तरी मी तसाच बसून होतो, इतकं डोकं तापलं होतं. सतराव्या वर्षी सरकारी इस्पितळाच्या मागच्या अंगणात मी काचेच्या बाटल्या विसळत होतो. मित्र अजून मला 'बाटली' म्हणतात, मीही ओ देतो. बाटल्या धुता धुता कान उघडे ठेवले, आतले साहेब काय बोलतात ते ऐकत गेलो, रात्रशाळा केली, परीक्षा दिल्या आणि आज दोन मजल्यांची लॅब उभी आहे. अहवालावर सही करायला पदवीवाले डॉक्टर येतात, पण लॅब चालते माझ्या कानांवर. नमुने फिरवणाऱ्या यंत्रात एक नळी जरी उणी पडली, तरी त्याचा सूर बिघडलेला मला जिन्यावरून कळतो.

आणि ही नवी तपासणी तर माझा अभिमान. हा रोग मोठा लबाड. पुरुषाला बहुधा काही दुखत नाही, खुपत नाही, गडी आपला मजेत हिंडतो. बाईच्या मात्र पोटात दुखायला लागतं, पुढे मूल राहायची पंचाईत. पूर्वी पुरुषाला तपासायचं म्हणजे लघवीच्या वाटेत कापसाची काडी घालावी लागे. भरघोस मिशांचे पैलवान ती काडी बघून दारातून परत फिरलेले मी पाहिलेत. आता नुसती लघवी पुरते. जंतूचा चिमूटभर अंश असला तरी मशीन हुडकून काढतं. रोज सकाळी आधी दोन नमुने चालवतो: एकात जंतू आहे हे आम्हाला माहीत, दुसऱ्यात नाही हेही माहीत. दोन्ही बरोबर ओळखले तरच पुढचं काम. सहा महिन्यांत मशीन एकदाही चुकलेलं नाही.

शिवाय आमच्याकडे आलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही, हा माझा नियम. आल्या आल्या दोन मोठे पेले पाणी. पाच मिनिटांत माणूस मोकळा, डबी भरलेली. बाथरूममध्ये मी स्वतः मजकूर करून स्टीलची पाटी कोरून घेतली आहे: 'पहिली धार सोडून द्या. मधली धार डबीत धरा. शेवटची सोडून द्या.' एवढी स्वच्छ सूचना मोठमोठ्या इस्पितळांत नाही.

संध्याकाळी आमची मुंगी मशीनबरोबर आलेलं माहितीपत्रक घेऊन दारात उभी. मुंगी म्हणजे आमची मुख्य तंत्रज्ञ. वीस वर्षं माझ्याकडे आहे, कधी बसलेली दिसत नाही. म्हणाली, "साहेब, पुरुषांच्या नमुन्याचं एकदा..." मी म्हटलं, "बाई, आज नको. आज माझं आधीच एकीशी झालंय." तिने वही पुढे केली, मी सही केली, ती गेली.

१६ जानेवारी

डॉक्टरीणबाईंकडून आणखी एक नमुना आला. त्या नाव पाठवत नाहीत, नुसता क्रमांक. पुन्हा बाई, पुन्हा जंतू सापडला. पंधरावी. मुंगीला म्हटलं, "नवरा कोण असेल त्याची कीव येते."

ती मान वर न करता म्हणाली, "कुणाची यावी ते अजून ठरायचंय, साहेब."

हल्ली उलट बोलायला लागली आहे.

१९ जानेवारी

आज जावईबापू अचानक लॅबमध्ये. एकटेच. हातात चिठ्ठी, तिच्यावर क्लॅमिडियाची तपासणी लिहिलेली. मी जरा चपापलोच. पण हल्ली नोकरीवाले काय काय तपासण्या मागतात, परदेशी पाठवायचं असेल तर विचारूच नका. तसंच काही असणार. सासऱ्याने खोदून विचारणं बरं दिसत नाही.

घरचा माणूस म्हणून मी स्वतः पाणी दिलं. दोनाचे तीन पेले झाले. स्वतः बाथरूमपर्यंत पोचवलं, पाटी दाखवली. माझ्या खोलीची आणि बाथरूमची भिंत एकच. बराच वेळ धबधबा चालला, मग थांबला, मग डबीत बारीक धार. पाटी पाळणारा माणूस म्हणजे शिस्तीचा माणूस. थोरामोठ्यांना जमत नाही ते.

त्यांचा नमुना आधी लावला. वाट बघताना त्यांनी विचारलं, "हे जुनं असलं तरी येतं का यात?"

"जुनं, नवं, सगळं येतं. मशीन कुणाची भीड ठेवत नाही."

निकाल स्वच्छ. कागद मीच हातात दिला. त्यांच्या कपाळाला घाम होता, तो पुसला आणि म्हणाले, "हा कागद कुठेही चालतो ना, बाबा?"

"चालतो काय, पळतो," मी म्हटलं. "आपल्या लॅबचा आहे."

त्यांनी तो चार घड्या घालून आतल्या खिशात ठेवला. चांगला जावई मिळायला भाग्य लागतं.

२४ जानेवारी

काय लिहू. भिंगरी घरी आली आहे. एक पिशवी घेऊन. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून तिला भिंगरी म्हणायचो. ती भिंगरी दुपारपासून खिडकीजवळच्या खुर्चीत हललेली नाही.

पोटात दुखतं म्हणून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. १६ तारखेची ती पंधरावी बाई माझी लेक.

तिने घरी जाऊन नवऱ्याला सरळ सांगितलं, दोघांनी मिळून औषध घ्यायचं आहे. लपवण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतंच. त्यावर हा गृहस्थ माझ्याकडे येऊन माझाच कागद घेऊन गेला, आणि चार दिवस खिशात ठेवून काल रात्रीच्या जेवणानंतर आईसमोर टेबलावर उलगडला.

विहीणबाईंचा फोन मीच घेतला. आवाज इतका गोड की कान चिकट झाले. "आम्ही काही म्हणत नाही हो. तुमचीच लॅब, तुमचाच कागद. तुमच्या मुलीला रोग आहे, आमच्या मुलाला नाही. आता अर्थ काय काढायचा तो तुम्हीच काढा, तुम्ही शिकलेले."

मी म्हटलं, "विहीणबाई, तोंड सांभाळून."

"मी सांभाळूनच आहे. सांभाळायचं ते तुमच्या मुलीने सांभाळलं नाही."

फोन ठेवला. भिंतीवर आपटला असता, पण ती समोर बसली होती.

२५ जानेवारी

मी त्यांच्या घरी गेलो. दार उघडं होतं, पण बसा कुणी म्हणेना. जावई म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्हीच म्हणालात मशीन कुणाची भीड ठेवत नाही." माझं वाक्य मलाच वाढलं. त्याची आई म्हणाली, "बाहेर कुणाला सांगणार नाही आम्ही. मुलीने कबूल करावं, लिहून द्यावं, मग बघू ठेवायचं की नाही."

ठेवायचं. जशी काही माझी लेक म्हणजे जिन्याखालचं सामान.

परत येताना मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो. पण इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहितो. वाटेत एका वळणावर मनात आलं: मशीन तर चुकत नाही. सकाळचे दोन्ही नमुने त्या दिवशीही बरोबर आले होते. नमुना मी स्वतः आत नेला होता. मग?

घरी येऊन हिला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळूच म्हटलं, "तू जरा विचारून बघ तिला. आईला सांगतात मुली."

हिने पोळपाटावरचा हात थांबवला. म्हणाली, "काय विचारू?"

"तेच. काही... असलं तर."

तिची नजर माझ्यामागे गेली. मागे बघितलं तर भिंगरी दारात, हातात पाण्याचा रिकामा पेला. तिने ऐकलं होतं. पेला ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, त्यांनी विचारलं तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं."

२७ जानेवारी

घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढतात. मीठ मागितलं तर मीठ येतं, माणूस येत नाही.

माझं काय चुकलं? आयुष्यभर पुराव्यावर जगलो. आता पुराव्याने माझ्याच घरात पाय ठेवला, तर त्याला हाकलून द्यायचं का?

हे लिहिलं आणि वाचलं. असल्या वाक्याचा माणूस लॅबमध्ये आला असता, तर मीच त्याला बाहेर काढला असता.

३० जानेवारी

आज खोलीत बसून होतो, काम सुचत नव्हतं. भिंतीपलीकडे एक माणूस गेला. क्लॅमिडियासाठीच आला होता. धबधबा, थांबला, बारीक धार. थोड्या वेळाने दुसरा. धबधबा, थांबला, बारीक धार. सहा महिने हा आवाज ऐकतोय आणि शिस्त म्हणून खूश होतोय. आज पहिल्यांदा मनात आलं की त्या धबधब्यात वाहून काय जातं?

मुंगीला हाक मारली. "ते पत्रक आण."

ती पत्रक घेऊन आली, जोडीला वहीही. मी म्हटलं, "पुरुषांच्या नमुन्याचं काय म्हणत होतीस?"

"साहेब, हा जंतू मूत्रमार्गाच्या आतल्या कातडीत बसतो. लघवीची पहिली धार त्याला धुऊन बाहेर आणते. म्हणजे पहिलीच धार डबीत पाहिजे, सुरुवातीची, थोडीशीच. आणि त्याआधी तास-दोन तास लघवीला गेलेलं नको, पाणी ढोसलेलं नको. आपण दोन पेले पाणी पाजतो, जंतू कमोडमध्ये सोडतो आणि मागून येणारं निव्वळ पाणी तपासतो."

"पण पाटी..."

"पाटी बरोबर आहे. मूत्रपिंडाच्या, मूत्राशयाच्या रोगाला. त्या तपासणीत बाहेरची घाण नको असते म्हणून पहिली धार सोडतात. इथे तीच पाहिजे. एकाच बाथरूममध्ये सगळ्यांना एकच पाटी."

माझं टाळकं सरकलं. मी त्या कंपनीचा उद्धार केला. एवढी महत्त्वाची गोष्ट बारीक अक्षरात कुठेतरी कोपऱ्यात छापायची आणि गरिबांच्या गळ्याला फास लावायचा. मुंगीने पत्रक उघडून समोर ठेवलं. तिसरं पान. ठळक अक्षरं, चौकट, शेजारी चित्र. चित्रात डबी आणि पहिल्या धारेवर बाण.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

तिने वही उघडली. ऑगस्टमध्ये एकदा, ऑक्टोबरमध्ये एकदा, आणि या महिन्याच्या बाराव्या तारखेला. तिन्ही वेळा तिच्या सुवाच्य अक्षरात: 'पुरुषांकडून पहिल्या धारेचा नमुना घ्यावा, पाणी देऊ नये, वेगळी सूचना लावावी.' तिन्हींखाली माझं अक्षर: 'पाहिले.' आणि सही.

मी म्हटलं, "तू ओरडून का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "ओरडले असते तर तुम्ही आवाजावर बोलला असता, साहेब. मजकुरावर नाही."

१ फेब्रुवारी

नुसत्या पत्रकावर विश्वास ठेवून भागणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंना फोन केला. या वेळी विनोद केला नाही. त्यांनी बाराजणांपैकी एक पाठवला, बेकरीवाला. सुट्टीच्या दिवशीही पहाटे उठणारा माणूस. त्याला सांगितलं होतं, उठल्यापासून लघवीला न जाता ये. बिचारा पाय आवळून चालत आला. मुंगीने दोन डब्या दिल्या: पहिली धार एकीत, मधली दुसरीत.

पहिल्या डबीत जंतू. दुसरीत नाही. तोच माणूस, तीच वेळ, एका श्वासाचं अंतर.

दर वेळी असंच होतं असं नाही. मधल्या धारेतही तो कधी सापडतो; चौदांतले दोघे तसेच सापडले होते. पण बाकीच्यांतले किती निसटले ते देव जाणे. मशीन खरंच बोलत होतं. आम्ही त्याच्यापुढे जे ठेवलं, त्यात जंतू नव्हता, एवढंच ते सांगत होतं.

बेकरीवाला निकाल ऐकून खुर्चीत बसला. म्हणाला, "मी तिला तीन महिने माहेरी ठेवलंय." मग माझ्याकडे बघून, "तुमच्या कागदावर."

मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

३ फेब्रुवारी

दुपारी मेहुणा आला. हिचा भाऊ, चार इमारती बांधल्या म्हणून सगळ्या जगाला पाया घालायला निघालेला. सगळं ऐकून म्हणाला, "सोपं आहे. पाटी बदल. जावयाला गुपचूप बोलावून पुन्हा तपास. मुलीचं भागलं, विषय मिटला. बाकीच्यांना सांगशील तर उद्या कुत्रं फिरकणार नाही तुझ्या दारात."

खरं सांगतो, हेच माझ्या मनात होतं. दोन दिवस हेच घोळवत होतो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि शिसारी आली.

भिंगरी आतल्या खोलीतून आली. नऊ दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य: "असे किती पुरुष आहेत, बाबा?"

"स्वच्छ म्हणून गेलेले एकाहत्तर."

"म्हणजे माझ्यासारख्या किती जणी कुठल्या खुर्चीत बसल्या असतील?"

मेहुणा म्हणाला, "अगं, तुझं बघ ना आधी."

"माझंच बघतेय, मामा."

ही आतून म्हणाली, "दादा, तुझा चहा निवतोय. पी आणि जा."

९ फेब्रुवारी

चार दिवस फोन करतोय. अहवालावर सही करणारे डॉक्टर, मुंगी आणि मी. एकाहत्तरही अहवाल रद्द केल्याचं लेखी काढलं. फोनवर नवरा स्वतः आला तरच बोलायचं, दुसऱ्या कुणाला अक्षर सांगायचं नाही, हे ठरलेलं.

माणसांच्या तऱ्हा. एक जण म्हणाला, "म्हणजे तेव्हा मी स्वच्छ नव्हतो?" म्हटलं, माहीत नाही. "मग तुम्हाला काय माहीत असतं?" एकाने वकिलाचं नाव सांगितलं. एकाने "राँग नंबर" म्हणून ठेवला, आणि मागून बाईचा आवाज मला स्पष्ट आला: "कोण होतं? तपासणीवाले ना?" एक म्हातारबा म्हणाले, "माझी पथ्याची तपासणी होती की हो, साखरेची." त्यांचा फोन क्रमांक चुकून दुसऱ्याच्या नावापुढे पडलेला. त्यांची पुन्हा माफी.

जावयाला मी स्वतः सांगितलं. म्हणाला, "एकदा झालीये ना बाबा, कशाला पुन्हा?" अहवाल रद्द झाला, तो कागद आता कुठेही चालत नाही, असं म्हटल्यावर फोन त्याच्या आईने ओढला. "येतो आम्ही. पुन्हा बघा, दहा वेळा बघा. माझं पोरगं धुतल्या तांदळासारखं आहे."

११ फेब्रुवारी

आले. विहीणबाई पुढे, जावई मागे. मुंगीने त्याला दोन तास बाकावर बसवला, पाणी नाही. घरचा माणूस वगैरे काही नाही. विहीणबाई म्हणाल्या, "पाहुण्यांना पाणीसुद्धा विचारत नाही का?" मुंगी म्हणाली, "तुम्ही प्या ना. तुम्हाला कुठे तपासायचंय."

मी माझ्या खोलीत नाही बसलो. बाहेर, मोकळ्यात उभा राहिलो.

निकाल: जंतू आहे.

डॉक्टरीणबाईंना मुद्दाम बोलावलं होतं, भिंगरीही आली होती. विहीणबाईंनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं आता तरी मान खाली जाईल. त्या म्हणाल्या, "मग हिनेच दिला असणार त्याला."

मी उठलो. काय बोललो ते नीट आठवत नाही, पण बाहेरचे लोक उठून उभे राहिले, एवढं खरं. कागद तिचा असला की पुरावा, आणि मुलाचा असला की तोही तिच्याविरुद्ध पुरावा. असल्या कोर्टात निर्दोष सुटायला बाईने करायचं तरी काय? पुरुषाच्या रोगाची पावती बाईच्या नावावर फाडायची आणि वर म्हणायचं, आम्ही काही म्हणत नाही हो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसा. मशीन जंतू कुठे आहे ते सांगतं. कुणाकडून आला ते सांगत नाही. ते माणसाने सांगायचं असतं."

सगळ्यांनी जावयाकडे बघितलं. भिंगरीने शांतपणे विचारलं, "तुम्ही सांगता?"

तो बुटांकडे बघत राहिला. त्याच्या आईने दोनदा म्हटलं, "सांग ना रे, सांग हिला." त्याने सांगितलं नाही. शेवटी तिने हातातला कागद खाली ठेवला. त्या बाईचा चेहरा बघून माझा राग क्षणभर थबकला, मग पुन्हा चालू झाला.

भिंगरी म्हणाली, "गोळ्या सात दिवस. तुम्ही तुमच्या घरी घ्या, मी माझ्या घेते." आणि मुंगीला मदत करायला आत निघून गेली.

१७ फेब्रुवारी

एकाहत्तरांपैकी शेहेचाळीस येऊन गेले. नऊ जणांत जंतू सापडला. उरलेल्यांचे फोन चालू आहेत. येणाऱ्यांची गर्दी कमी झाली, मेहुण्याचं म्हणणं तेवढं खरं ठरलं. मेहुणा मात्र बघायला आला नाही.

आज बेकरीवाल्याची बायको आली. काचेच्या खिडकीशी उभी राहून म्हणाली, "पहिला कागद चूक होता असं लिहून द्या. मोठ्या अक्षरात. आमच्याकडे बारीक कुणी वाचत नाही." मी माझ्या हाताने लिहून दिलं, शिक्का मारला. तिने बाहेर बसलेल्या आणखी दोघींना दाखवलं असावं, कारण त्याही उठून आल्या. मग मी टेबल खिडकीशीच ओढून घेतलं.

चौथ्या पत्राला मान वर केली तर समोर भिंगरी. टोकन घेऊन रांगेत उभी राहिली होती.

मी म्हटलं, "अगं, तू कशाला? तुला घरी देतो ना लिहून."

"घरी बाप देईल. मला लॅबकडून पाहिजे."

मी लिहायला घेतलं. १९ जानेवारीचा अमुक क्रमांकाचा पुरुषाचा अहवाल विश्वासार्ह नव्हता. त्यावरून कोणाही स्त्रीविषयी काढलेला निष्कर्ष निराधार आहे. नमुना घेण्याची पद्धत आमच्या लॅबकडून नजरचुकीने...

ती उलटं वाचत होती. म्हणाली, "नजरचुकीने नाही, बाबा. तुमच्या तीन सह्या आहेत."

 मुंगी नळ्या लावत होती, तिने मान वर केली नाही.

मी तो शब्द खोडला. त्यावर लिहिलं: 'तीनदा सांगूनही मी ऐकले नाही, म्हणून.' खोडलेलं पत्र द्यायचं नाही असा लॅबचा नियम आहे. कोरा कागद घेतला, पहिल्यापासून सगळं पुन्हा उतरवलं, सही केली, शिक्का मारला.

तिने वाचलं. घडी घातली नाही, तसंच हातात धरलं, आणि रांगेतल्या पुढच्या बाईला जागा करून दिली.